सुखी माणसाचा दुसरा अंतरा

पॉल मॅकार्टनीचं 'सिली लव्ह साँग्ज' हे गाणं कारखान्याच्या आवाजाने सुरू होतं. म्हणजे खरोखरच. कुठलंतरी मशीन खटाखट चालू आहे, लयीत काहीतरी आपटतंय, पुन्हा आपटतंय, आणि त्या ठेक्यावर पियानो आणि मग ती प्रसिद्ध बेस गिटार येऊन बसते. इअरफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर बेस पोचतच नाही, आणि या गाण्यातला बेस ऐकला नाही तर गाणंच ऐकलं नाही असं समजा. गाणं १९७६ सालचं. बीटल्स फुटून तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मॅकार्टनीच्या लग्नाला सात. समीक्षकांची तक्रार ठरलेली होती: हा माणूस आता फक्त गोडगोड प्रेमगीतं लिहितो, याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यावर याने आणखी एक प्रेमगीत लिहिलं आणि त्याचं नावच 'बावळट प्रेमगीतं' असं ठेवलं. अमेरिकेत ते एकूण पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि 'बिलबोर्ड'च्या यादीत त्या अख्ख्या वर्षाचं एक नंबरचं गाणं ठरलं.

मला हे गाणं मनापासून आवडतं. पण पाच आठवडे नंबर एक हे काही उत्तर नव्हे. खपतं ते सगळं चांगलं असतं तर मग बोलायलाच नको. समीक्षकांच्या चिडण्यामागचा प्रश्न खरा होता. घरी सगळं बरं चाललेलं असताना माणसाने गाणी कशातून काढायची?

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता गप्पांचा विषय नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसा दुसऱ्यांचे बग शोधतो आणि रात्री मराठी गाणी लिहितो. आम्ही तिघं आहोत, तासावर भाड्याने मिळणारी एक जॅम रूम आहे, आणि एकूण श्रोते एका टेम्पोत मावतील एवढे. एक ब्रेकअप झालं, त्यानंतरच्या दोन वर्षांत माझी नऊ गाणी झाली. लग्नाला आता चौदा महिने झालेत आणि गाणी झालीत दीड. दीड यासाठी, की एकाचा मुखडा आणि पहिला अंतरा आहे, पुढे गाडी हलत नाही. आमचा गिटारवाला म्हणाला, "वहिनींना म्हणावं महिनाभर माहेरी जा, बँडचा प्रश्न आहे." बायकोने ऐकलं आणि विचारलं, "आणि मी परत आले की गाणी बंद?" सगळे हसले. मी जरा उशिरा हसलो.

गिटारवाल्याच्या विनोदामागे एक जुना सिद्धान्त आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेला आहे. दुःखातून कला येते. ज्याचं मन मोडलंय त्याचंच गाणं खरं, बाकीचे शब्द जुळवतात. रीलवर उदास गाणं टाकलं की खाली 'रिलेट झालं' अशा कॉमेंटी पडतात. खूश गाणं टाकलं की लोक विचारतात, कुणाच्या हळदीसाठी केलंस? आपल्याकडे तर या सिद्धान्ताला थेट रामायणाचा आधार दिला जातो. क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला नर निषादाच्या बाणाने पडला, मादी आक्रोश करू लागली, ते पाहून वाल्मीकींच्या तोंडून शाप निघाला आणि तोच पहिला श्लोक. शोकाचा श्लोक झाला.

ही गोष्ट मी नुकतीच पुन्हा वाचली, आणि तिच्यात एक तपशील आहे जो सांगताना नेहमी गाळला जातो. त्या सकाळी वाल्मीकी अगदी मजेत होते. तमसा नदीवर स्नानाला आले होते, सोबत शिष्य भरद्वाज, आणि ते त्याला कौतुकाने पाण्याची नितळाई दाखवत होते. शोक वाल्मीकींचा नव्हताच, तो त्या मादीचा होता. कवीचं स्वतःचं त्या दिवशी सगळं उत्तम चाललं होतं. फक्त त्याचे डोळे आणि कान उघडे होते. आणि शाप तोंडून गेल्यावर ते आधी चकित झाले ते स्वतःच्याच शब्दांच्या घडणीने: हे काय बोललो मी, हे तर छंदात बसतंय! दुःखाच्या थिअरीसाठी हा पुरावा जरा अडचणीचाच म्हणायचा.

आता मॅकार्टनीचंच जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदास गाणं घ्या, 'यस्टरडे'. ती चाल त्याला झोपेत सुचली, लंडनमध्ये, प्रेयसीच्या आईवडिलांच्या घरी राहत असताना. जाग आल्यावर त्याने ती पियानोवर वाजवून पाहिली आणि मग कितीतरी दिवस भेटेल त्याला विचारत सुटला की ही चाल कुणाची आहे, मी कुठून ढापली तर नाही ना. चाल विसरू नये म्हणून तिच्यावर त्याने तात्पुरते शब्द बसवले, आपले संगीतकार डमी बोल घालतात तसे. ते शब्द होते 'स्क्रॅम्बल्ड एग्ज'. मराठीत भुर्जी. म्हणजे जगाला रडवणारी ती चाल बराच काळ भुर्जीचं गाणं होती. खरे शब्द त्याला मे १९६५ मध्ये पोर्तुगालमध्ये, सुट्टीवर, गाडीतून जाताना सुचले. रेकॉर्डिंग जूनमध्ये झालं, त्याच्या तेविसाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी. प्रेयसी सोबत, पैसा वाहतोय, जग पायाशी.

यावर कुणी म्हणेल, की त्याची आई तो चौदा वर्षांचा असताना गेली, तेच दुःख आत दबून बसलं असणार. शक्य आहे, पुढे कधीतरी तो स्वतःही तसं म्हणाला. पण मग दुःखाचं खातं एवढं लवचिक असेल, की नऊ वर्षांपूर्वीची रक्कम आज, सुट्टीवर, हसतखेळत काढता येते, तर दुःखात *असण्याची* गरजच कुठे उरते? तेवढी शिल्लक तर तुमच्याआमच्या सगळ्यांकडे असते.

मला वाटतं दुःखाची सक्ती लिहिणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याची जास्त असते. याचं सगळ्यात क्रूर उदाहरण जॉन लेननचं आहे. १९७० मध्ये लेनन आणि मॅकार्टनी दोघांचे एकेकट्याचे अल्बम आले. लेननचा आईवडिलांच्या नावाने अक्षरशः किंचाळणारा. मॅकार्टनीचा बराचसा घरी बसून केलेला, मागच्या मुखपृष्ठावर त्याच्या जॅकेटमधून डोकावणारी तान्ही मुलगी. लेननचा तो अल्बम 'खरा' ठरला आणि मॅकार्टनीचा 'घरगुती'. पुढे १९७५ मध्ये लेननला मुलगा झाला आणि त्याने पाच वर्षं एकही अल्बम काढला नाही. घरी राहून मूल वाढवलं. म्हणजे सुख दोघांच्याही वाट्याला आलं. एकाने ते गात गात घालवलं, दुसऱ्याने तोंड मिटून. १७ नोव्हेंबर १९८० ला लेननचा 'डबल फँटसी' आला. योको ओनोबरोबरचा, एक गाणं याचं, एक तिचं, विषय संसार. सुरुवातीच्या अनेक समीक्षा थंड होत्या: फारच घरगुती, आत्मसंतुष्ट वगैरे. ८ डिसेंबरला लेननचा खून झाला. मधे एकवीस दिवस. त्यानंतर तोच अल्बम जगभर पहिल्या क्रमांकावर गेला आणि १९८२ च्या समारंभात त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. गाण्यांचा एक स्वर बदललेला नव्हता. मुलासाठी लिहिलेली अंगाई होती तशीच होती. फक्त आता ऐकणाऱ्याकडे दुःख होतं, आणि ते त्याने स्वतः आणून गाण्यात भरलं.

एवढं झाल्यावर मॅकार्टनीची निर्दोष सुटका करावी असा मोह होतो. पण त्याचे सत्तरच्या दशकातले अल्बम सलग ऐकले की तो मोह टिकत नाही. १९७१ च्या 'वाइल्ड लाइफ'वरचं 'बिप बॉप' हे गाणं मी तीनदा ऐकलं, न्याय द्यायचा म्हणून, आणि तिन्ही वेळा ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगची आठवण झाली: सगळे बोलतायत, काही पुढे सरकत नाहीये. १९७२ मध्ये तर त्याने 'मेरी हॅड अ लिटल लँब' हे बालगीत सिंगल म्हणून काढलं. समीक्षक चुकीचं कारण देत होते, पण त्यांच्या नाकाला वास बरोबर आला होता. काहीतरी खरंच बिघडलं होतं.

काय बिघडलं होतं, हे मला गाणं लिहिणाऱ्याच्या बाजूने बघायचं आहे. दुखऱ्या गाण्यात कथा फुकट मिळते. कुणीतरी नाही आहे, एवढं म्हटलं की 'तेव्हा' आणि 'आता' असे दोन काळ आपोआप तयार होतात. मुखड्यात 'आता', पहिल्या अंतऱ्यात 'तेव्हा', दुसऱ्यात पुन्हा 'आता', पण थोडं वेगळं, संपलं गाणं. माझी ती नऊच्या नऊ गाणी याच साच्यातली आहेत, आणि त्यांतली किमान पाच साच्यानेच लिहिली आहेत, मी फक्त यमकं पुरवली. सुखात ही सोय नसते. सगळं हजर आहे. ती समोर आहे, चहा गरम आहे, खिडकीतून वारा येतोय. हे सगळं मुखड्यात मावतं. फार तर पहिला अंतरा. आणि मग? काल काय होतं? हेच. उद्या? बहुतेक हेच. सुखी गाणं अडतं ते दुसऱ्या अंतऱ्यावर.

मॅकार्टनीच्या पहिल्या एकट्याच्या अल्बमचं पहिलं गाणं 'द लव्हली लिंडा' हा याचा चोख पुरावा आहे. घरी नवीन रेकॉर्डिंग मशीन आलं, ते चालतंय का बघायला त्याने हे बायकोवरचं गाणं गायलं. मधे दार करकरल्याचा आवाज येतो, शेवटी हसू. गाणं किती सेकंदांचं? त्रेचाळीस. नुसता मुखडा. मला ते फार प्रामाणिक वाटतं: सुख एवढंच होतं, तेवढं म्हणून झालं, थांबला. पुढच्या काही वर्षांतल्या फसलेल्या गाण्यांमध्ये हेच त्रेचाळीस सेकंद चार चार मिनिटं ताणलेले आहेत.

मग त्याच अल्बमवरचं 'मेबी आय अ‍ॅम अमेझ्ड' ऐका. तेही त्याच बायकोवर, त्याच वर्षी. पण काळ लक्षात घ्या. १९६९ च्या शेवटाला बीटल्स आतून संपले होते आणि हा स्कॉटलंडमधल्या आपल्या शेतावर जाऊन बसला होता. तो स्वतः पुढे सांगत आला आहे, की त्या दिवसांत सकाळी उठवत नसे, पिणं वाढलं होतं आणि लिंडाने त्याला ओढून बाहेर काढलं. म्हणजे हे प्रेमगीत आहे, पण आत भीती आहे. ही बाई नसती तर आपलं काय झालं असतं, आणि आपल्याला हिची इतकी गरज का आहे, ही भीती. नावातच पहिला शब्द 'कदाचित' आहे. आनंदाबद्दल बोलताना 'कदाचित' म्हणणाऱ्या माणसाला दुसरा अंतरा मिळतो, कारण त्याच्याकडे दोन बाजू आहेत. आवाज वर चढत जातो, फाटायला येतो, आणि ते फाटणं खोटं वाटत नाही.

तर 'दुःख हवंच' म्हणणाऱ्यांना इथे आनंदाने 'बघा!' म्हणता येईल. पण नीट बघा. तो तेव्हा एका बाबतीत उद्ध्वस्त होता आणि दुसऱ्या बाबतीत सुखी, आणि गाणं त्या सुखावर आहे. गाण्याला जे मिळालं ते ताण होतं, विरोध होता. हा विरोध दुःखातून मिळू शकतो, तसा इतर ठिकाणांहूनही. 'सिली लव्ह साँग्ज'मध्ये तो बेसमधून येतो. शब्द तिथे फारसे कुठे जात नाहीत, जाण्यासारखं काही नाहीच. मग चालतं कोण? बेस. तो एका जागी ठरत नाही, शब्दांना ढुशा देत फिरत राहतो. आणि शेवटाकडे तीन वेगळे आवाज तीन वेगळ्या ओळी एकाच वेळी गातात, एकमेकांना न थांबवता. घरात सगळे एकदम बोलतात ना, तसं. दुसऱ्या अंतऱ्याचं काम त्याने तिथे मांडणीकडून करून घेतलं आहे. आणि तो सुरुवातीचा कारखाना? माझा अर्थ असा, की प्रेम हीदेखील रोजची पाळी आहे, भोंगा झाला की कामावर. मॅकार्टनीला हे अभिप्रेत होतं का, याच्याशी मला कर्तव्य नाही.

बीटल्समध्ये असताना हा विरोध त्याला विकत आणावा लागत नव्हता. समोर लेनन बसलेला असायचा. याने आशावादी ओळ आणली की तो तिला शेजारी एक कडवट ओळ लावायचा. 'गेटिंग बेटर' किंवा 'वी कॅन वर्क इट आउट' ऐकलंत तर सांधा कुठे आहे ते कानाला कळतं. तेव्हाही मॅकार्टनी स्वभावाने आनंदीच होता. आनंदी माणूस आणि त्याला 'हे नको' म्हणू शकणारा एक माणूस, अशी ती जोडी होती. १९७० मध्ये त्याचं दुःख हरवलं नाही. तो 'नको' म्हणणारा हरवला. पुढे त्याने 'विंग्ज' हा बँड काढला, त्यातले वादक बराच काळ ठरलेल्या पगारावर होते. ज्याच्याकडून पगार घेतो त्याला, 'सर, हे गाणं टाकून द्या' असं कोण म्हणणार? आमच्या धंद्यात याला एक चांगलं उदाहरण आहे. आपणच कोड लिहायचा, आपणच रिव्ह्यू करायचा, आपणच मर्ज करायचा. बिल्ड हिरवा दिसतो. सगळे खूश असतात. आणि शुक्रवारी रात्री प्रॉडक्शन पडतं.

इथे मला आपलं भावगीत आठवतं, आणि ते उगाच नाही. सुखाचा कवी म्हणून मराठीत ज्यांचं नाव चटकन येतं ते मंगेश पाडगावकर. त्यांच्यावरही तोच आरोप होता: गोड, रोमँटिक, सोपं. ज्या माणसाने 'सलाम'सारखी जळजळीत कविता लिहिली, आणि त्याच नावाच्या संग्रहाला १९८० मध्ये साहित्य अकादमी मिळालं, त्यालाही आयुष्यभर 'शुक्रतारा'वाला म्हणूनच ओळखलं गेलं. पण 'शुक्रतारा' कुणी केलं ते पाहा. शब्द पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचे. चार माणसं. (दाते पेशाने टेक्स्टाइल इंजिनिअर होते, हे मी ऑफिसात दर संधीला सांगतो.) कवीचं सुख थेट आपल्यापर्यंत येत नाही. ते आधी खळ्यांच्या हातातून जातं, आणि खळ्यांची चाल म्हणजे ऐकायला वाऱ्यासारखी आणि गायला बसलं की घाम काढणारी. जिथे शब्द पुढे पळू पाहतात तिथे चाल त्यांना रोखून धरते. मग गायक येतो आणि श्वास कुठे घ्यायचा ते ठरवतो. भावगीताच्या व्यवस्थेतच दोन-तीन रिव्ह्यूअर बसवलेले होते. आम्ही आजचे बेडरूमवाले स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो, लॅपटॉपवर स्वतःच मिक्स करतो आणि रात्री दोनला अपलोड करतो. ब्रेकअपच्या काळात हे खपून जातं, कारण साचा तयार असतो. सुखात लगेच उघडं पडतं.

मॅकार्टनीच्या पुढच्या चांगल्या कामाचा माग काढला तर हाच धागा सापडतो. १९७३ चा 'बँड ऑन द रन' घ्या. लागोसला रेकॉर्डिंगसाठी निघायच्या तोंडावर दोन वादक बँड सोडून गेले, तिथे पोचल्यावर चाकू दाखवून लुटलं गेलं, डेमोच्या टेपा गेल्या. मग गाणी आठवून आठवून करावी लागली, ड्रम्सही त्यालाच वाजवावे लागले. लिंडा सोबत होती, संसार उत्तम होता. अडचणी भरपूर होत्या, पण त्या मनाच्या नव्हत्या, कामाच्या होत्या.

आणि त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं. एल्व्हिस कॉस्टेलो त्याच्याबरोबर गाणी लिहायला येऊन बसला, दोघं समोरासमोर, हातात अकूस्टिक गिटारी. कॉस्टेलो जिभेचा तिखट, आणि याला मान देऊनही न दबणारा. मॅकार्टनीने आपला बीटल्सच्या काळातला जुना बेस पुन्हा हातात घ्यावा म्हणूनही तोच मागे लागला. त्या बैठकांतून १९८९ च्या 'फ्लॉवर्स इन द डर्ट'वर चार गाणी आली. त्यातलं 'यू वाँट हर टू' ऐका: मॅकार्टनी गोड ओळ म्हणतो, कॉस्टेलो लगेच तिला वाकुली दाखवतो. लग्नाला वीस वर्षं झाली होती, घरात काही मोडलेलं नव्हतं, आणि गाण्यात धार आलेली होती.

याच बैठकांतलं दुसरं एक गाणं, 'व्हेरॉनिका', कॉस्टेलोच्या स्वतःच्या अल्बमवर गेलं. ते कॉस्टेलोच्या आजीबद्दल आहे. अल्झायमर झालेली म्हातारी, तिच्या आठवणी ये-जा करतात. चाल मात्र उड्या मारणारी, रेडिओवर सहज वाजेल अशी. यात मॅकार्टनीचं सुख कुठे आहे, दुःख कुठे आहे? कुठेच नाही. दुसऱ्याच्या आजीचं गाणं आहे आणि तो त्यात मन लावून बेस वाजवतोय. मला इथे पुन्हा तमसेच्या काठावरचा तो सकाळी मजेत असलेला माणूस दिसतो.

हे गाणं मी बायकोला ऐकवलं, गोष्टीसकट. तिने माझ्या अर्ध्या गाण्याचा कागद मागितला. ते आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या संध्याकाळीबद्दल आहे. ती, मी, टाकीतून सांडणारं पाणी. तिने वाचलं आणि विचारलं, "टाकी वाहायला लागली की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज ओरडतात, त्या कुठायत यात?" त्या नव्हत्या. गाण्यात फक्त 'आपण' होतो, तेही प्रत्येक ओळीत. आता दुसरा अंतरा आजींचा आहे. त्या ओरडत वर येतात आणि वर आल्यावर त्यांना आठवत नाही, कशाला आलो होतो. गिटारवाल्याला चाल संथ हवी आहे, मला ती हवी आहे त्याच्या दुप्पट लयीत. भांडण चालू आहे.

लिंडा मॅकार्टनी १९९८ मध्ये कर्करोगाने गेली. सिद्धान्ताप्रमाणे यानंतर त्याची सगळ्यात थोर गाणी यायला हवी होती. २००१ मध्ये 'ड्रायव्हिंग रेन' आला. त्यात काही हळव्या जागा आहेत, पण कुणीही तो त्याच्या पहिल्या पाचांत धरत नाही, मीही नाही. माझ्या मते त्याचा उशिराच्या काळातला सर्वोत्तम अल्बम त्यानंतर चार वर्षांनी आला, 'केऑस अँड क्रिएशन इन द बॅकयार्ड', आणि त्याचं श्रेय मी निर्माता नायजेल गॉडरिचला देतो. हा 'रेडिओहेड'चा निर्माता, वयाने मॅकार्टनीच्या मुलांच्या पिढीचा. त्याने आधी मॅकार्टनीचा नेहमीचा टूरिंग बँड बाजूला करायला लावला आणि बरीचशी वाद्यं त्यालाच वाजवायला लावली. मग एकेक गाणं ऐकून तोंडावर सांगायला सुरुवात केली की हे पुरेसं चांगलं नाही. मॅकार्टनी तेव्हा साठी ओलांडलेला. त्याला राग आला. याला काढून टाकावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं, हे त्याने नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. त्याने काढलं नाही.